नंबर सतराचा हात

डहाणू
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

श्रीमती सरला सावे,
क्षेत्र-सहायक, डोंगरपाडा केंद्र, तालुका तलासरी.

घडले ते क्रमाने लिहिते.

१. बुधवार, ५ फेब्रुवारी. रुग्ण क्रमांक १७ (लाडकी, वय २२, सिकलसेल) हिच्या रक्ताचा नमुना डोंगरपाडा केंद्रावर सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी घेतला. फॉर्मवर तुमची सही आहे.

२. नमुना त्याच दिवशी मुकेशच्या जीपने थंड डब्यातून डहाणूला पोहोचला. डब्याचे तापमान बरोबर होते.

३. गुरुवारी अहवाल आला. पांढऱ्या पेशी ७,४००. हिमोग्लोबिन ११.८. मी शेरा लिहिला : डोस तोच चालू ठेवावा.

४. शनिवार, ८ फेब्रुवारी. लाडकीला घोलवडहून रिक्षात घालून रुग्णालयात आणले. ताप १०४. तोंडभर फोड. पाणी गिळता येत नव्हते.

५. रुग्णालयाच्या तपासणीत पांढऱ्या पेशी ९००. हिमोग्लोबिन ६.२.

६. तिच्या पिशवीत आपल्या औषध-अभ्यासाचे कार्ड सापडले, म्हणून रविवारी मला फोन आला. कॅप्सूल त्याच क्षणी बंद करायला सांगितल्या.

हे पत्र फाइलला लागणार आहे, म्हणून प्रशिक्षणात सांगितलेले पुन्हा लिहिते. या कॅप्सूलने सिकलसेलच्या वेदना कमी होतात. पण डोस जास्त झाला तर हाडांतल्या मगजात रक्त तयार होणे मंदावते. म्हणून आपण दर महिन्याला रक्त तपासतो. आकडे चांगले असले की डोस वाढवतो, घसरले की थांबवतो. लाडकीचा डोस नोव्हेंबरात एकदा आणि जानेवारीत एकदा वाढवला. दोन्ही वेळा मी, अहवाल पाहून.

तीन दिवसांत ७,४०० चे ९०० होत नाहीत. अंगातून रक्त गेल्याशिवाय ११.८ चे ६.२ होत नाही, आणि तिचे रक्त कुठेही गेलेले नाही. दोन अहवालांपैकी एक तिचा नाही.

मला हवे ते एवढेच : बुधवारी लेबल कोणी लावले, कुठे बसून लावले, आणि बुधवारी डोंगरपाड्यावर असलेली लाडकी शनिवारी घोलवडला कशी होती.

यावर फोनवर बोलू नये. पाकीट मुकेशकडे दिले आहे. उत्तरही त्याच्याकडेच द्या.

सई चुरी
औषध-सुरक्षा निरीक्षक


तलासरी
मंगळवार, ११ फेब्रुवारी

सई,

'श्रीमती सरला सावे'! पाकीट उघडले आणि वाटले, कोर्टाचे समन्सच आले. अगं, मी तुझी आत्या. तुझ्या बाबांची चुलत बहीण असले म्हणून काय झाले, तलासरीच्या बाजारात तुला कडेवर मीच फिरवलेय, आणि तू माझ्या नव्या साडीवर उसाचा रस सांडला होतास. तेव्हा फाइल नव्हती म्हणून वाचलीस.

पत्र वाचता वाचता मात्र खाली बसले. मुकेश दारात उभा होता, म्हणाला, "काय झाला बाई, कोण गेला काय?" मी म्हटले, नाही रे बाबा, ऑफिसचे काम.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे. बुधवारी एकवीस जणांचे रक्त घेतले, नंबर नऊपासून एकोणतीसपर्यंत. सतरा नंबरची बाटली सतरा नंबरच्याच रांगेत होती. लेबल मी लावले, तिथेच टेबलावर, चष्मा लावून. सही घेतली. माझ्याकडून काही चुकले असे मला वाटत नाही. तुमच्या लॅबमध्ये बघ. ती नवी मुले कानात वायरी घालून काम करतात. दोन बाटल्यांची अदलाबदल व्हायला किती वेळ लागतो?

घोलवडचे म्हणशील तर आमच्या बाजूची माणसे भात कापून झाले की चिकूच्या वाड्यांत कामाला जातात. तीही गेली असेल. दुपारची एसटी असते.

लाडकी बोलते का? तिच्याजवळ कोण आहे? तिची आई सोनीबाई एकटीच असेल तर तिला रुग्णालयातले काही कळत नाही, कागद दिला की डोक्याला लावते. मी जिवलीला पाठवू का? जिवली म्हणजे लाडकीची धाकटी बहीण. तू ओळखत नाहीस.

तोंडातले फोड किती दिवसांचे आहेत, ते डॉक्टरांनी विचारले का?

तुझे जेवण वेळेवर होते ना?

आत्या


डहाणू
गुरुवार, १३ फेब्रुवारी

सरलाआत्या,

आता आत्या लिहिते, कारण हे पत्र फाइलला लावायचे की नाही ते मी ठरवलेले नाही.

लॅब तपासली. एकवीसही बाटल्या पुन्हा पाहिल्या. अदलाबदल नाही.

काल दुपारी मी वॉर्डात गेले. लाडकीला कोपऱ्यात वेगळे ठेवले आहे, जाणाऱ्याला तोंडाला फडके बांधावे लागते. मी खाटेजवळ गेले आणि सवयीने विचारले, "नंबर सतरा?" बोलण्यासारखे तोंड नाही तिचे. सोनीबाई पायाशी बसली होती. ती म्हणाली, "नंबर काय बाय, ही लाडकी आहे."

मग मी सलाइन लावलेला हात पाहिला.

६ नोव्हेंबरला मी स्वतः डोंगरपाड्यावर होते. तंत्रज्ञ रजेवर होता म्हणून त्या दिवशीचे सगळे रक्त मी घेतले. सतरा नंबरचाही नमुना मीच घेतला. तिचा चेहरा मला आठवत नाही. हात आठवतो. उजवा, भरलेला, शीर चटकन सापडली, आणि शिरेच्या बाजूला गोंदणाचे पाच ठिपके एका ओळीत. चौथ्या ठिपक्याला सुई लागू नये म्हणून मी थोडी खाली टोचली होती.

खाटेवरच्या हाताला गोंदण नाही. दुसराही पाहिला. त्यावरही नाही. दोन्ही काटकीसारखे, लहानपणापासूनच्या सलाइनांच्या खुणांनी भरलेले.

पहिल्यांदा मला वाटले, रुग्णालयाने भलतीच बाई दाखल केली आहे. मी परिचारिकेला तसे म्हणालेसुद्धा. ती म्हणाली, "मॅडम, तिची आई बसलीय समोर."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. किती वेळ, ते सांगता येत नाही. मला वेळ नेहमी माहीत असतो. बॅग वॉर्डातच राहिली होती, ती सोनीबाईने आणून दिली आणि मला म्हणाली, "बाय, तुमाला बरा नाय काय?" मला, बरे नाही का!

ऑफिसात येऊन सतराची फाइल काढली. लाल पेशींच्या आकाराचा एक रकाना असतो. ही कॅप्सूल नियमित घेणाऱ्याच्या लाल पेशी हळूहळू मोठ्या होतात. लाडकीच्या होत होत्या. जुलै ८४, ऑगस्ट ८७, सप्टेंबर ९२, ऑक्टोबर ९६. नोव्हेंबरात ८१. मग ८१, ८२, ८१. महिन्याभरात ९६ चे ८१ होणे शक्य नाही. हा रकाना चार महिने माझ्यासमोर होता. मी हिमोग्लोबिन वाचत होते, कारण ते एकदम वाढले होते, आणि ते वाढावे असे मला वाटत होते.

दुसरे. ऑक्टोबरपर्यंत तिच्या फॉर्मवर अंगठा आहे. नोव्हेंबरपासून सही. 'लाडकी', स्वच्छ, शाळेतल्या अक्षरात. बाजूला माझ्या हाताने पेन्सिलीत लिहिले आहे : 'सही शिकली. छान.'

काल तिच्या पांढऱ्या पेशी ७०० होत्या. डॉक्टर म्हणाले, ताप कशाचा ते सापडले नाही तर सांगता येत नाही.

आत्या, तो हात कोणाचा आहे? असे आणखी किती नंबर आहेत? ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांच्या कॅप्सूल आज बंद करायच्या आहेत. त्यासाठी पत्राची वाट पाहू नका, मला फोन करून फक्त नंबर सांगा.

आणि फोड किती दिवसांचे, हे तुम्ही का विचारलेत? डॉक्टर म्हणतात, तीन आठवड्यांचे तरी असावेत.

सई


तलासरी
शनिवार, १५ फेब्रुवारी

सई बाळ,

फोनवर नंबर सांगितला आहेच. सव्वीस. डिसेंबरात एकदाच, त्याच्या जागी त्याचा भाऊ दशरथ आला होता. बाकी कोणी नाही, माझ्या मुलाची शप्पथ. आता माझ्या शपथेवर कोणी विश्वास ठेवायचा?

हात जिवलीचा आहे.

दिवाळी झाल्यावर लाडकी माझ्याकडे आली होती. चालत आली, डोंगरपाड्यावरून, सव्वा तास. सई, या मुलीला मी लहानपणापासून आईच्या पाठीवर पाहिलेय. थंडी पडली की गुडघे धरून रडायची. ती चालत आली आणि म्हणाली, "बाई, मना बरा वाटतं. मी पोरींच्या संगतीनं घोलवडला चालले." बावीस वर्षांत पहिल्यांदा कामाला चालली होती. तुझ्या कॅप्सूलनेच. मी तिला काय सांगायला हवे होते? जाऊ नकोस, बुधवारी रक्त द्यायचे आहे? पहिल्या आठवड्यात सुट्टी घेतली तर वाडीवाला परत घेत नाही. आणि दोन बुधवार चुकले की नाव कापायचे, कॅप्सूल बंद, हा नियम तुझ्याच सहीने भिंतीवर लावलाय.

६ तारखेला सकाळी पाहते तर रांगेत जिवली उभी, लाडकीचे कार्ड घेऊन. मी तिला बाजूला घेणार होते. तेवढ्यात तू जीपमधून उतरलीस. मला वाटले, बरे झाले, सई स्वतःच ओळखेल, ओरडेल, मग काहीतरी मार्ग काढेल. तू टेबलाशी बसलीस आणि नंबर पुकारलास. जिवलीने हात पुढे केला. तू हात बघत होतीस, मी तुझ्याकडे बघत होते. एकदा मान वर केली असतीस तर मी त्याच क्षणी सांगितले असते. तू म्हणालीस, "शीर चांगली आहे," आणि पुढचा नंबर.

त्यानंतर सांगायचे म्हणजे तुझी चूक सांगायची. तुझ्या साहेबांकडे शब्द टाकून तू मला हे काम दिलेस. मी मनात म्हटले, एकच महिना. मग तुझा फोन आला, डोंगरपाड्याची हजेरी शंभर टक्के, आत्या, तुमचे केंद्र पहिले. मी त्या दिवशी पेढे वाटले गं.

आता फोडांचे. १ जानेवारीला जिवली मला म्हणाली होती, लाडकीचे तोंड आलेय, भाकर खाता येत नाही. फॉर्ममध्ये तो प्रश्न आहे. मी 'नाही' लिहिले. 'हो' लिहिले असते तर तंत्रज्ञ म्हणाला असता, तोंड उघड, बघू. आणि समोर जिवली होती, तिचे तोंड चांगले होते.

बाकी सगळे माझ्यावर घाल. नोकरी जाऊ दे, वर्तमानपत्रात नाव येऊ दे. फक्त हे एक वाक्य तुझ्या अहवालात नसले तर चालेल का? या पाड्यावरून मला रोज जावे लागते.

सोबत जिवलीची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही.

सरला


डोंगरपाडा
१५ फेब्रुवारी

सई ताई यांना,

मी जिवली. दहावी पास आहे. रक्त माझे आहे, चारही वेळा. सही पण माझी.

आम्हाला वाटले, तुम्हाला रक्त पाहिजे असते, आणि रक्त दिले की तुम्ही गोळ्या देता. रक्त बघून तिच्या आतले कळते हे मला काल सावे बाईंनी सांगितले. आधी सांगितले असेल तर मला माहीत नाही, तेव्हा मी नव्हते, लाडकी होती, ती मान हलवते.

आमच्याकडे आवणीला एकमेकांच्या शेतात जातात. आज त्यांची लावणी, उद्या आमची. आमच्या घरचा माणूस गेलाच पाहिजे. लाडकी कधी जाऊ शकली नाही, लहानपणापासून तिचा दिवस मी भरला. कोणी विचारत नाही की ही का आली. घरचा माणूस आला म्हणजे झाले. मी रक्ताला तशीच आले. चोरी करायला आले नाही.

गोळ्या मी रविवारी घोलवडला नेऊन द्यायचे. तिने एकही चुकवली नाही. रिकामी पाकिटे मी तुम्हाला परत आणून दिली आहेत, मोजून घ्या. जानेवारीत रोज दोन घ्यायला सांगितल्या तेव्हा आम्ही खूश झालो. माझे रक्त चांगले निघाले म्हणून तिला जास्त औषध मिळाले असे वाटले. आईने त्या दिवशी कोंबडी कापली.

तोंड आले तेव्हा लाडकी म्हणाली, चिकूचा चीक लागला असेल. मी सावे बाईंना सांगितले होते. त्या लिहीत होत्या, म्हणून मला वाटले त्यांनी लिहिले.

तुम्ही मला नंबर विचारला. नंबर तर आमचाच होता. नाव विचारले असते तर मी माझे नाव सांगितले असते.

दोन गोष्टी विचारते. आता माझे रक्त तिला चढवता येते का? आणि ती मेली तर माझ्यामुळे मेली का? सरळ लिहा.

जिवली


डहाणू
मंगळवार, १८ फेब्रुवारी

जिवली,

सरळ लिहिते.

तुझे रक्त तिला देता येणार नाही. तुझ्या नमुन्यातून आता कळले आहे की सिकलसेलचा अंश तुझ्यातही आहे. तुला त्याचा त्रास होत नाही, होणारही नाही. पण ते रक्त तिच्या कामाचे नाही. तिला दुसरीकडून आणून दोन पिशव्या चढवल्या.

आज सकाळी तिच्या पांढऱ्या पेशी १,३०० आहेत. ताप आहे, पण १०१. काल तिने पेज घेतली, पाच चमचे.

दुसरा प्रश्न. तू हात पुढे केलास. त्या हातातून निघालेले आकडे वाचून लाडकीच्या गोळ्या कोणी वाढवल्या? मी. तुझे आकडे तुझ्यासाठी बरोबरच होते. ते तिचे नाहीत हे ओळखणे माझे काम होते, आणि ओळखायला लागते ते सगळे कागदावर होते. तू चोरी केलेली नाहीस.

नावे मोठ्याने पुकारायची नाहीत, नंबर पुकारायचा, हा नियम आम्ही रुग्णाचा आजार गावात कळू नये म्हणून केला. पुकारून झाल्यावर कार्डावरचे नाव हळूच विचारायला नियमाची आडकाठी नव्हती. मी विचारले नाही. समोर नंबर आला की मला पुरेसे वाटले.

तू वॉर्डात ये. मुकेशला सांगितले आहे, तो पुढच्या सीटवर बसवून आणेल.

सई


डहाणू
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आत्या,

अहवाल काल पाठवला. देखरेख समितीला, प्रत साहेबांना.

१ जानेवारीचे वाक्य त्यात आहे. ते काढले असते तर मी पुन्हा तेच केले असते जे तुम्ही केलेत, आणि तेही सगळे माहीत असताना. त्या दिवशी 'हो' लिहिले असते तर जिवली पकडली गेली असती, आणि लाडकीच्या कॅप्सूल पाच आठवडे आधी थांबल्या असत्या. तुमच्या त्या एका शब्दाने तिला वॉर्डात नेले. हे मी रागाने लिहीत नाही. रागावता आले असते तर सोपे गेले असते.

अहवालात पहिले नाव माझे आहे. नोव्हेंबरचा नमुना, न वाचलेला रकाना, पेन्सिलीतला शेरा, आणि क्षेत्र-सहायक ही माझी नातेवाईक असून तिची निवड माझ्या शिफारशीने झाली, हेही. साहेब म्हणाले, शेवटचे लिहायची गरज नव्हती. मी म्हटले, ती नातेवाईक नसती तर मी महिन्यातून एकदा तरी तिचे फॉर्म तपासले असते. तुमचे केंद्र मी कधीच तपासले नाही. आत्याचे आहे, म्हणजे नीट असणार.

भिंतीवरचा दोन बुधवारांचा नियम काढला. तुम्ही फोन करून एवढेच विचारले असतेत की कामावर गेलेल्यांचे रक्त घोलवडला जाऊन घेता येईल का, तर मी 'नाही' म्हणाले असते का, याचा विचार आठवडाभर करते आहे. बहुतेक म्हणाले असते. म्हणून तुम्ही विचारले नसेल.

सव्वीसचे रक्त त्याच्याच हातातून घेतले, नाव विचारून. ठीक आहे.

एकवीसही जणांकडे आता दुसरी सहायक जाईल, निलम. तिला रजिस्टर द्या. तुमचे म्हणणे तुमच्या शब्दांत लिहून त्यासोबत पाठवा. मी ते वाचणार नाही, थेट समितीला जाईल.

जेवणाचे विचारले होतेत. जेवते.

सई


डहाणू
सोमवार, ३ मार्च २०२५

लाडकी,

हे पत्र जिवली तुला वाचून दाखवेल. जिवली, जसे आहे तसे वाच, मधले काही गाळू नकोस.

तू शुक्रवारी घरी गेलीस. जाताना तुझ्या पांढऱ्या पेशी ४,२०० होत्या. त्या तुझ्या आहेत. नमुना मी स्वतः घेतला, तुझे नाव विचारून, आणि तू हसलीस, कारण तोपर्यंत मी ते नाव रोज घेत होते. शीर तिसऱ्या खेपेला सापडली. त्याबद्दल क्षमा.

जुलैत जे तुला सांगायला हवे होते ते आज सांगते. तेव्हा मी चार पानांचा कागद वाचला होता, तू मान हलवली होतीस, आणि मी अंगठा घेतला होता. तुला समजले का, हे मी विचारले नव्हते.

आम्हाला तुझे रक्त नको असते. गोळ्यांच्या बदल्यात आम्ही ते घेत नाही. तुझ्या हाडांत रक्त तयार होते. ही गोळी वेदना कमी करते, पण जास्त झाली की ते तयार होणे थांबवते. बाहेरून ते दिसत नाही. तुलाही कळत नाही, तुला तर बरेच वाटत असते. फक्त तुझ्या रक्तात दिसते. जिवलीच्या रक्तात जिवलीचे दिसते. चार महिने आम्ही जिवलीची तब्येत पाहिली आणि गोळ्या तुझ्या वाढवल्या. तुला झाले ते त्यामुळे. आम्ही सांगितल्याप्रमाणे तू सगळ्या गोळ्या घेतल्यास. तुझे काही चुकले नाही.

आता गोळी बंद आहे. डॉक्टर म्हणतात, काही आठवड्यांत दुखणे पुन्हा सुरू होईल. म्हणून ठरवायचे आहे, आणि ते तुला ठरवायचे आहे.

गोळी पुन्हा सुरू करता येते, पहिल्यासारखी रोज एक, आमच्या अभ्यासात राहून. मग दर पंधरा दिवसांनी रक्त द्यावे लागेल, तुझेच. त्यासाठी काम सोडायला नको. जीप आता घोलवडलाही थांबेल. हे नोव्हेंबरातही करता आले असते. किंवा आमच्याशी संबंध न ठेवता हेच औषध सरकारी दवाखान्यातून घेता येते. चिठ्ठी मी देईन, रक्त तिथे तपासतील. किंवा औषधच नको, असेही तू म्हणू शकतेस. तू काहीही म्हणालीस तरी या आजारपणाचे पुढचे सगळे उपचार करणे आमच्याकडे राहील. ते कागदावर आहे.

तुला आमची भीती वाटत असेल तर तेही लिही. मला वाटली असती.

समिती १७ मार्चला बसणार आहे. मी या कामावर राहीन की नाही ते तेव्हा ठरेल. तुझे उत्तर काय आहे यावर ते अवलंबून नाही, म्हणून माझा विचार करू नकोस. सोनीबाईंचा, सावे बाईंचाही नको. जिवलीने तुझे पुष्कळ दिवस भरले आहेत, हा दिवस तिला भरता येणार नाही.

उत्तर तू सांग, जिवली लिहील. जिवली, तिने सांगितलेले तिच्या बोलीत लिही, शाळेच्या भाषेत करू नकोस. खाली सही नको. लाडकीचा अंगठा हवा.

होळीच्या आदल्या दिवशी, बुधवार, १२ मार्चपर्यंत मुकेशच्या जीपने उत्तर पाठव.

सई चुरी